उलटा आटा

सायलेन्सरचा स्टड रात्री साडेनवाला तुटला.
आवाज फार नव्हता. कट्.
सुपारी फुटते तेवढाच.
चूक माझीच. नट हलेना म्हणून
पान्याच्या टोकाला नळीचा तुकडा घातला
आणि नळीवर माझं सगळं वजन.

उत्तमनगर, सिडको. जिन्याखालची जागा.
पोत्यावर मांडलेले नट, वायसर, एक फुटकी बशी,
आणि पिंपळगावच्या एका ड्रायव्हरकडून घेतलेली ही गाडी.
हिच्यावर मी पहाटे साडेपाचला निघते
घरोघरी जाऊन रक्त काढायला.
गंगापूर रोडला उद्या एक आजोबा
उपाशीपोटी वाट बघत बसणार.
त्यांना काय सांगू?

स्टड तुटला तोही अगदी तोंडाशी,
पकडीला धरायला नखाएवढंसुद्धा वर नाही.
सिरिंजमध्ये डिझेल भरलं,
सुई त्याच्या कडेला टेकवली
आणि थेंब थेंब सोडत राहिले.
इतकी वर्षं सुईनं काढतच आले होते,
आज पहिल्यांदा भरत होते.

वरच्या मजल्यावरून खैरनार काका उतरले,
स्वेटरवर मफलर, हातात ब्लो-लॅम्प.
सातपूरला एकतीस वर्षं टर्नर;
करंगळीचं एक पेर अजून तिथंच आहे.
"कसाले घाई करस वं?" म्हणाले,
आणि पोत्याच्या कोपऱ्यावर बसले.
मला वाटलं, आता हेच करतील.
तर म्हणाले, माझा हात आता कापतो.
ड्रिल तू धर. बॅटरी मी धरतो.

मधोमध पंच ठेवायचा.
मधोमध म्हणजे डोळ्याला वाटतं तिथं नाही.
मी डोळे मिटले, बोटाचं टोक फिरवलं,
जाड दंडात हरवलेली शीर शोधतात तसं.
एकच ठोका दे, काका म्हणाले,
दुसरा दिलास म्हणजे तुला शंका आहे.

मग ड्रिल. लोखंडाचा चुरा, चंदेरी, गरम,
माझ्या मनगटावर.
उजेड सगळा वेळ थरथरत होता.
भोक सरळ पडलं.

मग ब्लो-लॅम्प. ॲल्युमिनियम आधी फुगतं,
लोखंड आपल्या मिजाशीत मागून येतं,
त्या दोघांत क्षणभर फट पडते.
त्या फटीत मेणबत्ती टेकवायची.
मेण आपलं आपण वाट काढतं.

मग तो उलट्या आट्याचा.
त्याची गंमत अशी, की डावीकडे फिरवावं
तसा तो आत आत रुततो,
आणि रुतता रुतता
दुसऱ्याला बाहेर काढतो.
पण हा मोडला तर संपलं. पोलादच ते.
त्यावर ड्रिल चालत नाही,
काकांच्या भाषेत, नवससुद्धा चालत नाही.

मी फिरवलं. तो रुतला. अजून फिरवलं.
कोणी कसला असेल हा स्टड एवढा?
कुठल्या गॅरेजात, कुठल्या पोऱ्यानं,
मालकाच्या शिव्या खाऊन,
पुन्हा ढिला निघायला नको म्हणून
जिवाच्या आकांतानं आवळला असेल.
त्याची भीती
माझ्या तळहातापर्यंत येत होती.

आणि कट्.

तोच आवाज. तसाच. सुपारीएवढा.
काकांच्या हातातली बॅटरी पहिल्यांदा स्थिर झाली.
तुटलं का सुटलं,
दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

मी पाव वळसा दिला.
पाव वळसा आला.

पुढचं काही विशेष नाही. तो बाहेर आला,
काळा, मेणानं माखलेला, बोटाच्या पेराएवढा.
काकांनी तो बशीत टाकला, वाजवून बघितला,
आणि चहा नको, झोप येत नाही मग, म्हणत वर गेले.
नवा स्टड मी हातानंच बसवला.
शेवटचा वळसा द्यायच्या आधी
थोडी थांबले.

सकाळी गंगापूर रोडला धुकं होतं.
आजोबांनी दंड पुढे केला, नाक जरा वाकडं केलं,
तुमच्या हाताला डिझेलचा वास येतोय, म्हणाले.
मी म्हटलं, हो.
मूठ आवळा.
आता सोडा.