मानशीची पावणी

चोडणला, सकाळच्या मिसानंतर,
कुळ-संघाच्या पत्र्याच्या खोलीत
मानशीची पावणी झाली.
बांधाच्या त्या दाराशी वर्षभर मासे धरायचा हक्क,
तीन लाखांपासून सुरू,
अकरा लाख वीस हजारांवर थांबला.
हातोडा नव्हता. खजिनदाराने, म्हणजे मी,
स्टेपलर आपटला.

एकतीस वर्षं म्हापशात अर्थशास्त्र शिकवलं.
फळ्यावर दोन रेघा एकमेकींना छेदायच्या,
छेदल्या जागी मी गोल करून लिहायचो: समतोल.
पोरं तो गोल वहीत उतरवून पास झाली
आणि स्विंडनच्या गोदामांत खोकी उचलायला गेली.
भरतीची रेघ मी कधी काढलीच नव्हती.

बोस्त्यांव वाईट माणूस नव्हे.
बोली लावली ती कर्ज काढून, साडेबारा टक्क्यांनी.
दार जितकं उशिरा मिटेल
तितकं खारं पाणी आत, तितकी कोळंबी,
तितकं जाळं जड.
पलीकडे कोरगूटाची रोपं पिवळी पडतात,
त्यांचा भाव पुकारायला कुणी उभं राहत नाही.
पुस्तकात याला बाह्यता म्हणतात.
बाहेर म्हणजे कुठे?
मी तर बघतोय, सगळं बांधाच्या आतच चाललंय.

मी उठून म्हणालो, गांवकरीच्या काळात असं नव्हतं.
मध्यरात्री घंटा वाजली की घरटी एक माणूस,
माणशी एक पाटी चिखल.
सामायिक मालमत्ता, सामायिक जबाबदारी,
हे वाक्य मी पेपरात दहा गुणांना घालत असे.

दुल्सिनमाय मागच्या बाकावर होती, चौऱ्याऐंशीची.
म्हणाली, "मास्तर, झोण गांवकारांक मेळटाली.
चिखल म्हज्या बापायन उखल्ला."

खोलीत पंखा फिरत होता तेवढाच आवाज.
माझ्या दहा गुणांच्या उत्तरात
तिचा बाप नव्हता.
त्याची मजुरी शून्य होती,
आणि शून्य आम्ही बेरजेत धरत नाही.

मग कायदा आला, शेत कसणाऱ्याचं झालं.
व्हायलाच हवं होतं.
बांध सगळ्यांचा झाला,
आणि सगळे म्हणजे नक्की कोण
ते विचारायला घंटा उरली नाही.

ठराव मांडला: निम्मी रक्कम बांधाला.
बाजूने नऊ हात.
विरुद्ध उरलेली खोली,
आणि फोनवर आलेले अंगठे.
त्यात एक माझ्या मुलाचा:
वाटून टाका बाबा, शेत नाहीतरी कोण करतंय?
त्याचं गणित चुकलेलं नाही.
बुडालेलं शेत बुडतच राहिलं
की लोक त्याला शेत म्हणायचं सोडतात,
मग दिल्लीहून कुणी येतो
आणि चौरस मीटरमध्ये बोलतो.

दोनशे चौदा वाटे.
वाट्याला पाच हजार दोनशे तेहेतीस.
उरले एकशे अडतीस रुपये,
ते कुणाचेच नव्हेत म्हणून माझ्याकडे.

पुनवेच्या रात्री बॅटरी घेऊन बांधावर गेलो.
का गेलो याला कारण नाही;
शिकवत असतो तर म्हणालो असतो,
ग्राहक विवेकी आहे असे गृहीत धरा.
खेकड्याने पाडलेलं भोक, करंगळीएवढं.
पाणी हळू, घाई नसल्यासारखं येत होतं.
मी त्यावर टाच रोवली.

पलीकडून दुसरी बॅटरी हलत आली.
बोस्त्यांव. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पाटी.
त्याचे अकरा लाख वीस हजार आहेत या मातीत,
तो येणारच, हे मला सिद्ध करून दाखवता येतं.
मी आलो, ते नाही येत.

"सर, पाय काढू नका," तो म्हणाला,
"आणखी एक पाटी आणतो."
भरती चढत होती.
मी टाच दाबून उभा,
खिशात एकशे अडतीस रुपये,
पावती अजून कुणाच्याच नावाने फाडलेली नाही.