दोन बोटं खेळ

घोरपडीच्या फाटकापलीकडे, ताहेरभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या.
एक सत्तेचाळीसची टीसी, एक एकावन्नची टीडी.
इंजिन तेच, साडेबाराशेचं.
कार्बुरेटर तेच, जोडीचे.
रेडिएटरच्या कपाळावर तोच अष्टकोनी बिल्ला.
वृंदा म्हणाली, "यात वेगळं काय आहे?"
आणि शिकलगार मिस्त्री त्या सकाळी पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी चाकांवर टॉर्च पाडला.
टीसीची उंच, तारांची, सायकलीला लाजवणारी.
टीडीची बुटकी, पोलादी थाळ्यांची.
"या थाळ्या आल्या तेव्हा तिकडचे शौकीन रडले म्हणे.
पण खड्ड्यात कोण रडतं ते विचारा.
टीडीला पुढे स्प्रिंगा सुट्या,
प्रत्येक चाक आपलं आपण सोसतं.
टीसीचा अॅक्सल सलग,
डावं ठेचाळलं की उजवंही कळवळतं."
वृंदाने माझ्याकडे पाहिलं.
मी टॉर्चकडे.

चौतीस वर्षं मी पिंपरीत टूलरूमला होतो.
गेज, जिग, फिक्स्चर.
दोन शतांश खेळ दिसला की जॉब बाद,
मग तो गायकैवारींचा असो नाहीतर माझा.
निरोपाच्या दिवशी साहेबांनी व्हर्निअर दिला,
तो अजून पिशवीत असतो,
मंडईत जातानाही.

आधी टीडी काढली.
एम्प्रेस गार्डनच्या रस्त्याने ती इतकी नीट चालली
की तिसऱ्या गिअरवर मला
हयातीच्या दाखल्याची आठवण झाली.

मग टीसी.
तिच्या पेडलांमध्ये माझा नऊ नंबरचा बूट मावेना.
"काढून टाका," मिस्त्री म्हणाले,
आणि एकसष्टाव्या वर्षी, मोज्यांवर,
क्लचचं थरथरणं मी तळव्याने ऐकलं.

चाक सरळ धरलं तरी ती रस्ता हुंगत जाते,
थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे,
काहीतरी हरवल्यासारखी.
हातांना सारखं काम. सारखं विचारायचं तिला,
सारखं तिचं ऐकायचं.
मागे उकिडवे बसलेले मिस्त्री वाऱ्यात ओरडले,
"स्टिअरिंगला दोन बोटं खेळ आहे!
काढू थोडा. सगळा नाही काढायचा.
सगळा काढला की जाम होते!"

फाटक पडलं होतं.
शेजारी स्कूटर थांबली, पुढे शाळेचं दप्तर.
"काका, अॅव्हरेज किती देते?"
"माहीत नाही," मी म्हणालो.
हे दोन शब्द
टूलरूममध्ये मी कधी उच्चारले नव्हते.

दौंडकडची मालगाडी संपेना.
वृंदा डबे मोजत होती.
एकतीसवर तिने विचारलं, "सुटे भाग कुठल्या गाडीचे मिळतात?"
"टीडीचे. बनल्याच जास्त."
"मग टीडी," ती म्हणाली,
प्रश्नचिन्ह न लावता, पुढचा डबा मोजत,
घट्ट बसणाऱ्या माणसाबरोबर
इतकी वर्षं बसलेल्या आवाजात.

शेडमध्ये ताहेरभाईंनी इसारपावती काढली,
कार्बनचा कागद सरळ केला.
"कोणती लिहू?"
मी पिशवीत हात घातला,
व्हर्निअर लागला. तो तसाच ठेवून
त्याच्या खालून पाकीट काढलं.
"टीसी."

वृंदा काही बोलली नाही.
फक्त टीसीचं दार, ते एवढंसं, कंबरेइतकं,
उघडलं, लावलं,
पुन्हा उघडलं.
"वाजतंय," ती म्हणाली.
मी म्हणालो, "हो."
"असू दे," ती म्हणाली.

शिकलगार टीडीवर ताडपत्री ओढत होते.
पत्रिका जुळत नाही, असं
गाडीला कसं कळवतात?
तिच्यात खोट काढावी तर एकही नव्हती,
हीच काय ती.

पावती घडी करून खिशात टाकली, निघालो,
आणि खडी टोचली.
बूट टीडीतच होते,
मिस्त्रींनी तिच्या सीटवर जपून ठेवलेले, नाडीला नाडी लावून.
ताडपत्री पुन्हा उचलावी लागली.