हात खिशात

तेहतीस वर्षं मी शिट्टी मारली.
खानापूर–नंदगड, खानापूर–लोंढा, कधी जांबोटी,
आणि दोन भाषांत एकच वाक्य:
पुढं सरका. मुंदे होगरी.
कुणाचं गाठोडं दारात अडकायचं, कुणाचा गुडघा पायरीवर.
मी घड्याळ बघायचो.

आता मंगळवारी आणि शनिवारी
मनाबाई घाडींच्या जिन्याखाली उभा असतो.
खाली पिठाची गिरणी, वर तिची खोली.
पायऱ्या चौदा.
वेळ, तिला लागेल तेवढा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पहिल्या दिवशी
आम्ही नऊ जण होतो. रिटायर चौघं, कॉलेजची पोरं,
आणि एक गवंडी, तो का आला होता त्यालाच ठाऊक.
फिलोमिना सिस्टर म्हणाल्या,
तिथं जाऊन त्यांची कामं करायची नाहीत.
कामं त्यांची आहेत. तुम्ही हात खिशात ठेवा,
आणि बाहेर कधी काढायचे, तेवढं शिका.
मला वाटलं, यात काय शिकायचं?

मनाबाई कौलांच्या कारखान्यात होती.
साच्यातलं ओलं कौल उचलून फळीवर ठेवायचं,
कोपरा न मोडता.
दिवसाला सातशे, म्हणते. कधी आठशे म्हणते.
त्याच हातांत आता दुधाची पिशवी
आधीच उकळल्यासारखी हलते.
कात्री तिची, कोपरा तीच कापते.
पाव लिटर ओट्यावर.
मी कॅलेंडर बघत राहतो. तारखांभोवती गोल:
शुगर, पेन्शन, चिंचवडच्या मुलीचा फोन.
"बघतोस काय? पूस की," ती म्हणते,
"तेवढं वाकायला येत नाही मला."
तेव्हा मी हात बाहेर काढतो.

पेन्शनचा कागद कन्नडमध्ये येतो.
मी वाचतो, ती ऐकते, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावते.
सही तिची, तीन ओळी खाऊन थांबते.
बँकेतला पोरगा म्हणाला, आजी, अंगठा चालतो.
ती म्हणाली, तुला चालत असंल.

एकदा मात्र चुकलो.
घरी पाहुणे यायचे होते, ऊन चढत होतं,
आणि ती सातव्या पायरीवर, कठडा धरून,
पाय ठरवत होती.
मी वर गेलो आणि तिचा दंड धरला.
"चला."
शिट्टीच निघाली तोंडातून म्हणायची.
ती खाली बसली. तिथंच. पायरीवर.
"जा तू. तुझी गाडी चुकंल."
गिरणी चालू होती, पीठ उडत होतं,
दळणाला आलेल्या बाया वर बघत होत्या.
मी गेलो नाही. बोललोही नाही.
अर्ध्या तासानं ती उठली,
आठवी, नववी, दहावी,
चौदावीनंतर पदर झटकला,
आणि बाजारात मला वांगी निवडू दिली नाहीत.

हिरेमठ मास्तरांचं बघतो तो गवंडीच.
आठवड्यातून दोनदा बेळगाव, डायलिसिस.
सुई लावताना मास्तर पाढे म्हणतात, कन्नडमध्ये.
गवंड्याला आता एकोणीसचा येतो.

माझी बायको विचारते, जाऊन करता काय तुम्ही?
सांगायला गेलो तर काहीच उरत नाही.
उभा होतो. तिनं भात लावला.
उभा होतो. तिनं गोळ्या डब्यात भरल्या,
एक खाली पडली, तिनंच शोधली.

गेल्या शनिवारी मलाच उशीर झाला.
डावा गुडघा. स्टँडपासून तीन ठिकाणी थांबलो,
पाटी वाचतोय असं दाखवत.
पोचलो तर ती खाली कट्ट्यावर,
चौदाच्या चौदा उतरून, पिशवी मांडीवर घेऊन.
गटारावरच्या फरशीपाशी मी अडलो.
तिनं बघितलं.
"सावकाश," म्हणाली.
पुढं आली नाही.
पदराखाली तिचे दोन्ही हात
थरथरत होते, पण आतच होते.