ओटा

रात्री आठला सराफ्यात सुगनचंद शटर ओढतात
आणि त्यांच्याच ओट्यावर बद्रीलालची कढई येते.
मधली दहा मिनिटं ओटा कुणाचाच नसतो.
माझं काम त्या दहा मिनिटांतलं.

पोलोग्राउंडला आमचा कारखाना, सोन्याचे काटे बनवतो,
मिलिग्रॅम मोजणारे, चिठ्ठी छापणारे.
काट्याच्या पोटात कर्नेल,
कर्नेलमध्ये जागा वाटणारा एक कोठावळा.
तो मी लिहिलाय.
(थोडा उचललाय. सगळेच उचलतात.)

मोठी जागा तो मधोमध कापतो,
अर्धी पुन्हा मधोमध,
मागणाऱ्याला बेताची होईस्तो.
परत आली की शेजारच्या अर्ध्याला विचारतो,
मोकळा आहेस का? मग जुळू या.
शेजारी सहसा मोकळा नसतो.
शनिवारी भुट्ट्याच्या किसापाशी बघा,
खुर्च्या चार रिकाम्या, चार कोपऱ्यांत,
आणि चौघांचं बिऱ्हाड उभंच.
जागा आहे. जागा नाही.
कोठावळ्यावर ओरडून उपयोग नसतो.

पण ही तक्रार वेगळी होती.
सुगनचंदांनी गल्ल्याखालून चिठ्ठी काढली.
कुणी बाई नथ घेऊन आल्या,
नाव विचारलं तर नुसतं ‘उषा’ म्हणाल्या.
छापून आलं:

उषा किनी गर्दे
पाटल्या दोन, मोडीत

‘ये किनी कौन है, बेटा?’

मी बोटांवर मोजलं.
उ, ष, काना, कोरी जागा. चार घरं.
म, अनुस्वार, द, काना. चार घरं.
उषाच्या आधी तिथं मंदाकिनी राहून गेली होती.
नवं नाव जिथं संपलं
तिथून जुनं तसंच पुढे चालू.

गेलेल्याची जागा मोकळी होते, कोरी होत नाही.
हे दोन शब्द वेगळे आहेत
हे मला मराठीत माहीत होतं.
पुसायला वेळ लागतो, क्षणाचा कुठलासा सूक्ष्म तुकडा,
तो मी वाचवला होता,
आणि टेंबेसाहेबांनी पाठ थोपटली होती.

बाहेर मुस्तकीमचाचा ओटा झाडत होते,
बारीक कुंचल्यानं, फटीफटीतून.
इथं त्यांना न्यारिया म्हणतात,
माझ्या आजोळी साताऱ्याला झारेकरी.
सालाच्या करारानं धूळ विकत घेतात,
धुतात, जाळतात, त्यातून कण काढतात.
मी म्हटलं, एवढ्यानं काय मिळतं?
‘यहाँ से कुछ जाता ही नहीं मैडम.
जाता, तो मैं क्या खाता?’

घरी जाऊन एक ओळ लिहिली.
देण्याआधी शून्यं भर.
तीनशे चाळीस काट्यांना ती पाठवली.
काटे हळू झाले असतील, कुणाला कळलं नाही.

मग फोनवर सुगनचंदांनी सहज सांगितलं,
उषाबाईंनी तक्रार केलीच नव्हती.
चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली,
काउंटरवर उलटी ठेवून निघून गेल्या.
मंदाकिनी त्यांची थोरली जाऊ.
पाटल्या लॉकरात आहेत, असं घरी ठरलेलं.

आणि नथ?
नथही मोडीतच आली होती.
म्हणून तर आडनाव सांगितलं नव्हतं.
ते माझ्या काट्यानं जोडून दिलं,
आणि बरोबर दिलं.

त्या रात्री पुन्हा गेले. उगाच.
बद्रीलालनं ओट्यावर बादली उपडी केली,
खराट्यानं पाणी नालीकडे लोटलं,
फडका पिळला, कोपरे पुसले.
मी घड्याळ लावलं होतं.
चाळीस सेकंद.
गिऱ्हाईक उभं होतं, कुणी कुरकुरलं नाही.