अर्धी गाडी

तिठ्यावर सात दिवस बसायचं होतं,
सकाळी सहा ते दुपारी दोन,
दिवसाला पाचशे, चहा वेगळा.
नागवेकर सरांनी क्लिपबोर्ड दिला, रकाने आखलेला,
आणि जीपमध्ये चढता चढता सांगितलं:
ट्रक म्हणजे तीन, बस म्हणजे तीन,
कार म्हणजे एक,
दुचाकी म्हणजे अर्धी.
गुणाकार ऑफिसात होईल.
तू नुसत्या रेघा मार.

मारल्या. चार उभ्या, एक आडवी.
पहिला पदेर, भोंपू वाजवत,
पाटीवर निळं प्लास्टिक, खालून वाफ. अर्धा.
विमानतळाच्या रात्रपाळीतून सुटलेली दोन पोरं,
मागचा पुढच्याच्या पाठीवर गाल टेकून झोपलेला. अर्धी.
रेडकर बाई, हेल्मेट कोपरात,
पायांशी उभा पहिलीतला नातू. अर्धी.
सिलिंडरवर बसलेला माणूस की माणसावर बसलेला सिलिंडर,
कळायच्या आत गेला. अर्धं.
लिंग बदलतं, आकडा बदलत नाही.

दुभाजकाला गावासाठी एक फट ठेवली आहे.
अर्धा रस्ता ओलांडायचा, फटीत थांबायचं,
मग उरलेला अर्धा.
तिसऱ्या दिवशी मी हाताने मोजलं:
दुभाजक अडीच हात रुंद,
स्कूटर चार हात लांब.
दीड हात उघड्यावर राहतो,
मागचं चाक, मागचा दिवा, मागचं माणूस,
आणि वेगाच्या पट्ट्यातून पेडण्याकडचे ट्रक
त्या दीड हाताला हॉर्न देऊन जातात.

बोनिफास पायलट खुरसाच्या चौथऱ्यावर बसतो.
पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, भाडं दिवसाला दोन, कधी तेही नाही.
लोकांना वाटतं, खुरीस कुणा मेलेल्याचा.
तो म्हणतो, हा रस्त्याच्या आधीचा आहे, बाय,
मेलेल्यांना इथे जागा कुठे उरली?
खडी सांडली की तो माडाचं चुडत आणून आडवं टाकतो.
एकदा त्याच काठीने मातीत रस्ता काढून दाखवला,
मधे एक गोल, बाजूने वळसे.
सरळ रस्त्याला कोण भितो?
थोडा वाकवा, माणूस आपोआप हळू होतो.
आणि फट रुंद करा.
निदान एक स्कूटर तरी पुरती मावू दे.

चौथ्या दिवसापासून मी कागदाच्या मागे एक रकाना काढला.
वर लिहिलं, "वाटावले".
आमच्याकडे थोडक्यात वाचलेल्याला तसंच म्हणतात.
९.१२ चिऱ्यांचा ट्रक, मासळीवाली.
११.४० टँकर गळला, झेब्राचा पांढरा रंग साबणासारखा, कॉलेजचा मुलगा बसूनच घसरला,
उठून आधी आरसा बघितला, मग गुडघा.
१.०५ वाढदिवसाचा फलक, फलकामागून स्कूटर.
१.०६ तोच फलक.
शुक्रवारी सतरा.
पुढच्या बाजूला सतरांचे साडेआठ झाले असते.

शनिवारी बाबा फटीत थांबले होते.
मला बघून त्यांनी हँडलवरचा हात उचलला.
मी हात हलवला नाही.
त्यांनी मला बघू नये, रस्ता बघावा,
एवढंच मनात होतं.
ते गेले. मी रेघ ओढली.
जरा जास्तच दाबून, कागद फाटला.

रविवारी सरांनी गठ्ठा उलटून पाहिला.
हे काय लिहिलंस?
मागची बाजू स्कॅन होत नाही.
चांगले आहेत सर, ओरडले नाहीत.
पाकिटात पस्तीसशे बरोबर होते.

घरी सोडायला बोनिफासने पैसे घेतले नाहीत.
आम्ही फटीत थांबलो.
पुढचं चाक आत, तो आत,
आणि मी मागे,
त्या दीड हातात.
कोण येतंय? त्याने मान न वळवता विचारलं.
मी बघत होते.
थांब, म्हटलं.
थांब.
अजून एक आहे.
थांब.