तिसरं रीळ

निपाणीच्या थेटरात सिनेमा लागलेला
आणि तोच अक्कोळच्या जत्रेत, तंबूत.
प्रिंट एकच.
मधली वाट माझी:
कॅरियरला डबा, डब्याला सुतळी,
चढाला डायनामोचा दिवा मिणमिणायचा.

बाकीची रिळं उशिरा पोचवून शिव्या खाल्ल्या मी.
तिसरं कधीच नाही.

नायक कोण ते विचारू नका,
मिशी होती एवढं आठवतंय.
नायिका रडायची तेव्हा खुर्च्यांवरनं शेंगांची टरफलं उडायची.
तिसऱ्या रिळात मात्र एक बाई यायची,
नवऱ्यानं टाकलेली,
शेजारणीची उसनी वाटी परत द्यायला.
पोस्टरवर तिचं नाव नव्हतं.
ऑपरेटर दस्तगीरला ठाऊक होतं: सुंदरा ऐनापुरे.
कार्बनची कांडी पुढं सारत तो म्हणायचा,
"तोंडाकडं बघू नको. गुडघं बघ."

ती पदरानं वाटीचं बूड पुसते.
शेजारीण म्हणते, "बस की."
ती म्हणते, "नको, चूल पेटलीय."
चूल पेटलेली नाही,
मघाशीच आपण बघितलीय, नुसती राख.
पण "नको" तोंडातनं निघायच्या आधी
गुडघे बसायला निघालेले असतात.
एवढेसे.
निऱ्या जमिनीला टेकणार, तोवर
शब्द येतो
आणि त्या शब्दाला धरून ती उभी राहते.
वाटी अजून हातातच. द्यायची राहिलेली.
मग ते ध्यानात येऊन ती किंचित हसते,
आणि कॅमेरा निघून जातो मिशीकडं.

श्वास दोनदा घ्यावा, एवढा वेळ.
पेपरात कुणी लिहिलं नाही.
चौथ्या दिवशी सिनेमा उतरला.

पण वखारीतनं सुटून आलेल्या बाया,
अंगाला तंबाखूचा खाट, नखं पिवळी,
त्या एवढ्या वेळापुरत्या शिंकायच्यासुद्धा नाहीत.
त्यातली गंगव्वा, मराठी जेमतेम कळणारी,
अंधारात पडद्याला मोठ्यानं म्हणाली होती,
"कुंदर तंगी, कुंदर."
बस गं बाई, बस.
कुणीही हसलं नाही.
दस्तगीरनं त्या रात्री मला चहा पाजला,
जणू ते काम आम्हीच केलं होतं.

आता थेटराच्या जागी मंगल कार्यालय आहे.
नातवानं फोनवर शोधून दिला तो सिनेमा:
पडद्यावर रेघांचा पाऊस,
नायकाची गाणी सगळी जागच्या जागी,
तिसऱ्या रिळातनं ती बाईच गायब.
कुणीतरी लांबी कमी केलीय.
मी नातवाला उठून करून दाखवलं.
माझे गुडघे वाकतात, पण परत येत नाहीत.
तो म्हणाला, "आजोबा, पडशीला."

काल वरच्या गल्लीतली रेणुका आली,
तीन महिन्यांमागं एकटी परतलेली,
सुनेचा डबा द्यायला.
सून घरात नव्हती.
मी म्हटलं, "बस की."
ती म्हणाली, "नको काका, गडबड हाय."

आणि मी बघितलं.
साठ वर्षांनी, माझ्या सोप्यात, दिवसाउजेडी,
तेच.
इतकं हुबेहूब, की मी बघतच राहिलो,
दस्तगीर असता तर, असलं काहीतरी मनात,
आणि दुसऱ्यांदा म्हणायचं राहूनच गेलं.

फाटकाची कडी वाजली तेव्हा कुठं
घशात शब्द आला.
आला तोही कन्नडातनं.