एका नगाला

वाशीच्या त्या काचेच्या दुकानात
डिसोझांनी आधी माझ्या मागे पाहिलं,
कुणी साहेब येतोय का.
मग विचारलं, "गिफ्ट?"
म्हटलं, "नाही. मला."

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासून
परवा डेप्युटी झाले.
पेढे वाटून झाले, साडी घेऊन झाली,
तरी हाताला काहीतरी हवं होतं
सावकाश जळणारं.

"पहिल्यांदाच ना?
मग काळ्या पानाच्या नादी लागू नका.
ही फिकट घ्या, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची.
लांबीवर भाळू नका, लांब म्हणजे दीड तासाची बैठक.
आणि अख्खा खोका नको. दोनच."
मग एक माझ्या हातावर ठेवली.
"दाबून बघा. हळू. चिकू बघतो तशी."

अंगठा वर, दोन बोटं खाली,
टोकापासून टोकापर्यंत हात आपोआप गेला.
मधे एक गाठ लागली. परत केली.
दुसरीच्या पानाला बारीक चीर. तीही परत.
डिसोझा चष्मा वर करून म्हणाले,
"कुठं शिकलात?"
मी पाकीट उघडून
पैसे मोजत राहिले.

घरी आणल्या, नेरुळला, चौथ्या मजल्यावर.
सोबतच्या कागदावर लिहिलेलं : ओल कमी पडू देऊ नका.
कुठल्या कोरड्या मुलखात छापला होता कोण जाणे.
इथे ऑगस्टात
काडेपेटीची काडी वाकते,
पापड आदल्या रात्रीच हार मानतो,
खाडीच खिडकीतून येऊन खुर्चीवर बसते.
इथे ओल घालायची नसते, हिशेबात धरायची असते.

घट्ट झाकणाचा डबा, पासष्ट टक्क्यांची पुडी,
आणि बोटाएवढा मीटर.
मीटरवर भरवसा ठेवायचा नाही, हे नोकरीनं शिकवलंय.
बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चार थेंब पाणी,
मीटरसोबत पिशवीत बंद, एक दिवस, एक रात्र.
पंचाहत्तर दाखवायला हवे होते.
दाखवले एकोणऐंशी.
चार वजा करायचे.
एवढं तर मला येतं.

मग जागा.
स्वयंपाकघरात हिंग. कपाटात डांबरगोळ्या.
देव्हाऱ्याजवळ उदबत्ती.
तंबाखूला लाज नसते, शेजाऱ्याचा वास अंगाला लावून घेते.
बिनवासाचा कोपरा शोधण्यात अख्खा रविवार गेला,
आणि सापडला तो आईच्या खाटेखाली.

अर्थात तिनं तो उघडला.
एक उचलली, कानाशी नेली, बोटांत फिरवली.
सिन्नरच्या ओट्यावर एकतीस वर्षं
ओल्या गोणपाटात टेंभुर्णीची पानं जपणारी बोटं,
मांडीवर सूप, पत्र्याचा फर्मा, कात्री,
हजार झाल्याशिवाय न उठणारी.
"दोरा कुठाय हिला?"
"नसतो. डिंकानं चिकटवतात."
"काय घेतले?"
"नऊशे."
"हजाराला?"
"एका नगाला."

बराच वेळ ती काही बोलली नाही.
बहुतेक मनात कट्टे बांधत होती, पंचवीस पंचवीसचे,
बहुतेक कारखान्याच्या खिडकीतला तो चेकर आठवत होता
जो मूठभर विड्या उगाच छाटीत टाकायचा
आणि त्याही विकायचा.
मग दुसरी उचलून दाबली
आणि खाटेवर वेगळी ठेवली.
"ही छाट. पोटात ढिली आहे."

मी दाबली. नाही कळलं.
पुन्हा दाबली, डोळे मिटून.
होती. बुडापासून दोन बोटांवर.
डिसोझांच्या दुकानात
माझा अंगठा तिथूनच गेला होता.

आता रोज संध्याकाळी ती डबा उघडते.
"नको उघडूस, ओल बदलते," मी ओरडते.
ती बोटांची मागची बाजू आत धरते, ताप बघावा तशी.
"आज जड आहे."
मी मीटर बघते : त्र्याहत्तर, वजा चार.
पुडी बदलते.

डिसोझांचा फोन आला, कशी वाटली?
कटर अजून पाकिटातच आहे.
म्हटलं, तपासणी चालू आहे,
एका नगावर आक्षेप निघालाय.

आई आयुष्यात कधी प्यायली नाही,
खोकला मात्र तिला फुकट मिळाला.
परवा दिवे गेले तेव्हा
गॅलरीत अंधारात बसून
ती म्हणाली,
"पेटवशील तेव्हा मला हाक मार.
राख कशी पडते बघायचंय."